ओल्या मातीचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. काटा म्हटले की तुम्हाला दुकानातला तराजू आठवेल, पण मी तसा नाही. हाताच्या पंजाएवढे पोलादी वर्तुळ आणि त्याच्या पोटात घड्याळासारखी तबकडी, एवढाच माझा देह. मला दाबले की माझे वर्तुळ केसाच्या जाडीइतके चपटे होते, आणि तेवढ्यावर सुई सरकून किती जोर लागला ते सांगते. याशिवाय मला काही येत नाही. त्यामुळे माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याबद्दल मी अजून साशंकच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. भट्टीची धग आठवते, मग पेटीतला भुसा आणि जहाजाचे हेलकावे. पेटी उघडली तेव्हा मी म्बाले गावातल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत होतो आणि खिडकीतून मसाबाचा डोंगर दिसत होता. या डोंगरावर केळी आणि कॉफी छान पिकते. पण इथले उतार कधी कधी पावसात सरकतात, म्हणून घर बांधण्याआधी शहाणी माणसे मातीचा जोर मोजून घेतात.

तो मोजायचा असा. पितळेची एक छोटी पेटी असते, आडवी मधोमध कापलेली. तिच्यात मातीची वडी बसवायची, वर वजन ठेवायचे आणि यंत्राची मूठ फिरवून खालचा अर्धा भाग हळूहळू ढकलायचा. वरचा अर्धा माझ्यावर रेलतो. माती दोन्ही भागांना धरून ठेवायला बघते. ती जितकी घट्ट धरते, तितकी माझी सुई पुढे जाते. शेवटी माती हात सोडते आणि सुई थबकून मागे येते. त्या आधीचा सर्वांत मोठा आकडा, तोच मातीचा जोर.

हे काम प्रयोगशाळेतल्या खाइन्झाबाई करत. मूठ फिरवताना त्यांचा वेग कधी बदलला नाही. आकडा वाचताना त्या डोळा तबकडीच्या अगदी समोर येईपर्यंत वाकत. बाजूने वाचला तर एखादे घर चुकते. वर्षातून एकदा त्या मला राजधानीला, कंपालाला घेऊन जात. तिथे माहीत असलेली वजने माझ्यावर ठेवून माझीच परीक्षा होई. बसमध्ये त्या मला मांडीवर घेऊन बसत. इतक्या जपणुकीला आपण लायक आहोत का, असे मला दर वेळी वाटे.

एका वर्षी डोंगरावरच्या बुनासिका नावाच्या वाडीत शाळा बांधायचे ठरले. तिथली मुले रोज ओढा ओलांडून खालच्या शाळेत येत, आणि ओढा भरला की घरी बसत. नाबुतुवा नावाच्या आजीबाईंनी आपला उतारावरचा कॉफीचा तुकडा शाळेला देऊन टाकला. त्यांची पाच नातवंडे होती. पूल तुटल्याने आमची गाडी वर जाऊ शकत नव्हती. म्हणून इंजिनिअर मफाबीसाहेबांनी निरोप धाडला, की माणूसभर खोल खणा आणि तिथली माती आणा.

नाबुतुवा स्वतः आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत केळीच्या पानांत बांधलेली ढेकळे.

"घे पोरी," त्या खाइन्झाबाईंना म्हणाल्या. "खडा नाही, मूळ नाही. चार दिवस राबलेय तिच्यावर."

ढेकळात सुरी जाईना, करवत लावावी लागली. वडी पेटीत बसली, मूठ फिरू लागली आणि माझी सुई चढतच गेली. दोनशे बारा! खरे सांगतो, मित्रांनो, मला अभिमान वाटला.

"डोंगर आहे का वीट?" मफाबीसाहेब हसले. "लिहून टाका बाई. दुमजली बांधली तरी चालेल."

खाइन्झाबाईंनी लिहिले नाही. त्यांनी उरलेले ढेकूळ उलटे केले. तळाला चटईची वीण उमटली होती, आणि विणीत नाचणीचा एक दाणा अडकला होता.

"कुखू," त्या म्हणाल्या, कारण इथे आजीला कुखू म्हणतात, "ही माती कुठं ठेवली होतीत?"

"चटईवर. उन्हात. नाचणी वाळवते तिथंच."

"वाळवलीत?"

"मग ओली आणू? ओली नाचणी गिरणीवाला तोंडावर फेकतो. तुझं यंत्र तर गिरणीपेक्षा महाग दिसतंय."

मफाबीसाहेब कपाळ चोळत म्हणाले, "पण दोनशे बारा आलाय ना? काटा खोटं बोलतो का?"

"काटा खरंच बोलतोय साहेब. वाळलेल्या मातीबद्दल. चूक आपली आहे, कशी आणायची ते आपण सांगितलंच नाही."

माझा अभिमान तिथल्या तिथे गळाला.

दुसऱ्या दिवशी खाइन्झाबाई पायीच डोंगर चढल्या. तळ कापलेले पत्र्याचे डबे त्यांनी खड्ड्याच्या तळाशी मातीत सरळ दाबले, भरलेले डबे अलगद बाहेर काढले आणि दोन्ही तोंडे मेणबत्तीच्या मेणाने बंद केली. ओल्या फडक्यात गुंडाळलेले ते डबे नाबुतुवांनी डोक्यावरून खाली आणले, झोपलेले लेकरू न्यावे तसे.

तेच वजन, तीच मूठ. एकाहत्तरवर माती सुटली. खाइन्झाबाईंनी आधी माझ्यावरच संशय घेतला, हे मला फार आवडले. माहीत असलेले वजन ठेवून त्यांनी मला तपासले. मी बरोबर होतो. मग आणखी दोन डबे उघडले. एकोणसत्तर. बहात्तर.

"किती?" बाकावरून नाबुतुवांनी विचारले.

"एकाहत्तर धरा."

"त्या दिवशी दोनशे होते."

"पावसात तुमचा उतार चटईवर नसतो, कुखू."

नाबुतुवांनी रिकामा डबा उचलून त्यात पाहिले. "बारा वर्षांची कॉफी उपटली मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझी जमीन नको."

खाइन्झाबाईंनी मान खाली घातली, पण आकडा बदलला नाही. मी पुष्कळ जोर मोजले आहेत, मित्रांनो. त्या दिवशी तो आकडा तसाच ठेवायला त्यांना किती लागला असेल, ते मोजण्याची सोय माझ्यात नव्हती.

"मग आमच्या शेजारच्या वामोनोचा माळ बघा," नाबुतुवा उठत म्हणाल्या. "बकरीवरून नऊ वर्षं बोलले नाही त्याच्याशी. आता तुझ्या काट्यापायी बोलावं लागणार."

त्या बोलल्या. माळाची माती त्यांनी स्वतः डब्यात, मेण लावून, ओलीच आणली. तो माळ जवळजवळ सपाट होता आणि माती एकशे अठ्ठावन्नची निघाली. शाळा तिथेच उभी राहिली.

आता प्रयोगशाळेत दिव्यांचे नवे यंत्र आले आहे. ते भराभर आकडे काढते, आणि चांगले काढते. मी फळीवर असतो. मध्यंतरी कुणीतरी कागद उडू नयेत म्हणून मला त्यांवर ठेवले होते. रागावण्याचा मला हक्क नाही, पण सुईवर धूळ बसली की अवघडल्यासारखे होते.

तरी दर पावसाळा संपता संपता नाबुतुवा येतात. हातात मेण लावलेला डबा, त्यांच्या त्याच जुन्या उताराचा. "ते दिवेवालं नको," म्हणतात. "म्हाताऱ्याला काढ." खाइन्झाबाई मला पुसतात, आधी माझी परीक्षा घेतात, मग मूठ फिरवतात. यंदा सहासष्ट आला.

"वामोनो टोमणे मारतो," नाबुतुवा या वेळी सांगत होत्या. "म्हणतो, तुझा डोंगर तर अजून जागेवरच आहे, फुकट कॉफी उपटलीस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असू दे जागेवर. त्याच्यावर कुणी पाढे म्हणत बसलेलं नाही, तेवढं मला पुरे."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखे एखादे जुने उपकरण फळीवर असेल. त्याला अधूनमधून पुसा आणि ते बरोबर आहे का, ते पाहत जा. आणि त्याला काही विचाराल तेव्हा त्याच्यापुढे वस्तू जशी आहे तशीच ठेवा, वाळवून, निवडून नको. आम्हाला समोर असते तेवढेच कळते.

नाबुतुवा गेल्यावर टेबलावर त्यांच्या डब्याचे ओले वर्तुळ उरते. साधारण माझ्याच मापाचे. खाइन्झाबाई ते पुसत नाहीत. मला फळीवर ठेवण्याआधी थोडा वेळ त्याच्या शेजारी राहू देतात.