विहीर क्रमांक सतरा

चार वर्षं मी राहुरीतल्या विहिरींमधला नायट्रेट मोजला. शोधनिबंध छापून आला आणि तो चौघांनी वाचला; त्यातले दोघे म्हणजे मी आणि आमचे सर. मग मी गावच्या रेडिओ केंद्रात विज्ञान सांगायला आले. केंद्रप्रमुख आप्पासाहेब निवृत्त मास्तर. त्यांची अट सोपी होती: तीन कार्यक्रम करायचे, तिसऱ्यापर्यंत एकाही श्रोत्याचा फोन आला नाही तर नमस्कार. प्रयोगशाळेतली माझी खुर्ची सरांनी सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. माझ्यावर त्यांचा तेवढाच विश्वास.

पहिल्या कार्यक्रमात मी निम्मा वेळ नमुना कसा घ्यावा हेच सांगितलं. दुसऱ्यानंतर एक फोन आला, पण त्या गृहस्थांना गाणं हवं होतं. आप्पासाहेबांनी तो धरला नाही.

तिसऱ्यात मी मिलिग्रॅमचे आकडे सोडले. म्हटलं, काही विहिरींत इतका नायट्रेट आहे की कांद्याला पाण्याच्या दहा पाळ्या दिल्या तर एकरी दोन गोण्या युरियाइतकं खत पाण्यातूनच मिळतं. हे पाणी बाळांना घातक आहे, असंही शेवटी घाईत सांगितलं.

फोन आला. छबूबाई, कालव्यालगतच्या वस्तीवरून. त्यांची विहीर माझ्या वहीत क्रमांक सतरा होती. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम, तिथे ब्याण्णव.

"अरफाताई, मंग औंदा दोन गोण्या कमी टाकते. चालंल ना?"

हिशोब बरोबर होता. आमच्या निबंधातही हा निष्कर्ष नव्हता. आप्पासाहेब खूण करत होते की झालं, नोकरी पक्की. मी विचारलं, घरात बाळ आहे का? त्याच्या दुधाला पाणी कुठलं वापरता? त्या म्हणाल्या, हिरीचंच, उकळून. नातू चार महिन्यांचा.

उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतो. हे वाक्य मी चार वर्षं घोकलं होतं. ते गिळलं.

"छबूबाई, जे पाणी कांद्याला खत म्हणून पुरतंय, ते नातवाच्या बाटलीत घालताय."

मग फोन बाजूला धरून त्या सुनेला म्हणाल्या, "ज्ञानेश्वरे, ती बाटली वत. जारचं पानी घे."

आप्पासाहेब म्हणाले, "हे मघाशी का नाही बोललीस? उद्या हेच सांग. परवाही."

मी सरांना कळवलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.