मास्तरच्या हातातला इस्पिकचा एक्का

मी इस्पिकचा एक्का बोलतोय, आणि आज माझं डोकं फिरलंय.

कोरा करकरीत होतो, तेव्हा या शिंपीमास्तरने मला पत्त्यांच्या जोडासकट घरी आणलं. कापड बेतायच्या टेबलावर रविवारी दुपारी पोकर सुरू झाला. शेजारी मास्तरची बायको मशीनवर शिवत बसायची. मशीन तिच्या स्वतःच्या कमाईचं.

आता मास्तरची खोड ऐका. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, एकेक उघडत जाणारी. त्यात तीन इस्पिकं उघडी पडली की हातातली दोन मिळून ज्याची पाच इस्पिकं होतील, म्हणजे रंग जमेल, तो भारी. मास्तरकडे असायचा मी आणि सोबत एखादी चौकटची नव्वी. म्हणजे काहीच नाही! पण मी त्याच्याकडे, म्हणजे सगळ्यात मोठा रंग दुसऱ्या कुणाकडे नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. शेवटचं पान उघडलं की छाती फुगवून मोठी बोली लावायचा. समोरचे मुकाट पानं टाकून डाव सोडायचे. खरा तेवढा मी, बाकी सगळी थाप!

त्या रविवारी समोर इस्त्रीवाल्या काकू होत्या. टेबलावर तीन इस्पिकं, मी मास्तरच्या हातात. शेवटचं पान लाल निघालं.

मास्तर म्हणाला, "डावावर मशीन लावलं."

बायकोचे पाय थांबले. "अहो, ते माझं आहे!"

"गप गं. काकू पळतात बघ आता."

काकूंनी चष्मा वर सरकवला. "बारकी आहेत बाबा माझी पानं. पण पळू कशाला?" आणि उघडी केली की समोर, इस्पिकची छक्की आणि पंजी!

अरे शहाण्या, मोठा रंग नाही म्हणून लहानही नसेल? आणि घाबरवायचं कुणाला, तापली का बघायला इस्त्रीला बोट लावणाऱ्या बाईला?

मशीन गेलं. मास्तर ओरडला, "या एक्क्यानेच घात केला!" आणि मला टरकन फाडलं. मी घात केला? मी?

काकू बायकोला म्हणाल्या, "पोरी, मशीन तुझंच. पण राहील माझ्या दुकानात. तिथे येऊन शिव. याच्या हाती परत देणार नाही." ती रोज तिकडे जाते. मास्तरशी बोलत नाही.

काल त्याने मला चिकटपट्टी लावून जोडलं. नवे गडी बोलावलेत म्हणे. लाज नाही!

तुम्ही बसणार असाल तर एक करा. पाठीवर पट्टी असलेलं पान त्याच्या हातात दिसलं आणि आवाज चढला, की पानं टाकू नका. त्याला उघडायला लावा. माझ्या सोबत कुणी नसतं हो, मी एकटाच असतो.