माळेतला निळा उजेड

मी लातुरात फिजिक्स शिकवतो. शहाण्याला शब्दाचा मार पुरे, असं वर्गात रोज ऐकवतो. घरी मात्र माझं शहाणपण मायपुढं चालत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या बावीस मुली राहतात. त्यांचं जेवणखाण माझी माय, तुळजाबाई, बघते. जिन्यात माझ्या बहिणीचा, देविकाचा फोटो आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात ती सहा वर्षांची गेली, वडीलही गेले. मी उदगीरला मामाकडं होतो म्हणून उरलो. मायला फोटोपुढं अखंड दिवा हवा होता. घरात एवढ्या मुली, गाद्या, पुस्तकं; पेटती वात नको, म्हणून मीच पांढऱ्या एलईडीची माळ फोटोपासून खाली जिनाभर लावून दिली. दिवाळीला मिळते तसली, स्वस्तातली. मायनं तिलाही अखंड दिव्याचाच नेम लावला. तीन वर्षांत बटण एकदाही बंद केलं नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर.

या उन्हाळ्यात माळ निळी पडू लागली. आधी फोटोजवळचे दोन दिवे, मग पायरी पायरीनं खाली. त्या उजेडात जिना चढणाऱ्या मुलींचे ओठ जांभळे दिसायचे. खरं सांगतो, तिथून जाताना माझ्याही अंगावर काटा यायचा आणि त्याचाच मला राग यायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा दिवाही निळा झाला. क्लासवरून आलो, तर मायनं समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मुलींना सतरंज्या टाकायला लावलेल्या.

"सर, उद्या पेपर हाय," लोहा गावाहून आलेली ऋतुजा रडवेली होऊन म्हणाली. "आजी आत झोपू देईनात."

"असाच उजेड व्हता," माय म्हणाली. "गणपती बुडवून आलो त्या दिशी, भूकंपाच्या आदल्या सांजला. शेताच्या कडंला, भुईतून. आज कुणी आत निजायचं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. मुलींचं अख्खं वर्ष पणाला लागलेलं आणि हिचं हे भलतंच! जिन्यातल्या माळेबरोबरच घेतलेली दुसरी माळ कपाटात तशीच पडून होती. ती आणून शेजारी लावली. पांढरीशुभ्र.

"माय, एलईडी आतून निळाच पेटतो. वर पिवळा लेप असतो, दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. रात्रंदिवस तापून लेप खराब झाला. बाकी काही नाही."

"म्हंजे निळं पहिल्यापासून आत व्हतंच," माय म्हणाली. "वरून झाकलेलं."

"हाव."

मुली हसल्या, सतरंज्या गुंडाळू लागल्या. माय जागची हलली नाही.

"आता तरी पटलं का?" मी विचारलं.

"पटलं की. तुझ्या वडलांनीबी त्या राती उजेडाचं असंच नीट समजावलं व्हतं. मास्तरच ते. मला समदं पटलं, म्हून देविकाला आत निजवलं. मला मातर झोप येईना. एकलीच अंगणात येऊन बसले."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. मला भीती वाटली, आणि या वेळी राग आला नाही. मी ऋतुजाच्या हातातली सतरंजी घेतली आणि प्लॉटवर परत अंथरली.