आधी मोठ्यांना

दूरच्या गावी सेवायात्रेला निघण्यापूर्वी पाद्रीसाहेबांनी चर्चच्या सभागृहात जाणाऱ्या सगळ्यांचा दोन दिवस वर्ग घेतला. न विचारता फोटो काढू नका, कुणाच्या श्रद्धेला हसू नका आणि काही सांगायचं झालं तर घरातल्या मोठ्या माणसाला आधी सांगा. "तिथल्या लोकांच्या रीतीचा मान राखला नाही, तर आपला प्रभूही त्यांना परकाच वाटेल," ते म्हणाले. सिस्टरने सगळं वहीत उतरवून घेतलं. मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून सहा वर्षं काढलेली ही मुलगी तोंडाने फटकळ होती. निदान हे तीन आठवडे तरी कुणाला दुखवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

मिशनच्या जुन्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी एक सासू-सून आल्या. सासूचे गुडघे धरले होते. तिला तपासून झाल्यावर सून हळूच म्हणाली, की छातीत गाठ लागते. पथकाबरोबर आलेल्या सर्जननी सुईने नमुना घेऊन शहरात पाठवला. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरची होती, पण लहान होती.

"मी इथेच काढतो, पुढचे उपचार शहरात होतील," सर्जन म्हणाले. "मात्र बाराव्या दिवशी मी निघणार. त्याआधी आणा तिला."

रिपोर्ट ऐकायला दोघी आल्या. सून बाहेर बाकावर बसली. इथली भाषा वेगळी, म्हणून गावच्या शाळेतल्या बाई मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत.

"सुनेला बोलावू ना आत?" बाईंनी विचारलं.

"नको, आधी मोठ्यांना."

"सिस्टर, गाठ सुनेला आहे."

"हो, पण तुमच्या रीतीप्रमाणे..."

"आमची अशी काही रीत नाही. सगळं आपणच ठरवायचं, हा या सासूचा स्वभाव आहे."

बाई शिकलेल्या, त्यांना आपल्याच माणसांची लाज वाटत असणार, असं सिस्टरला वाटलं. तिने सासूला समोर बसवून सगळं सांगितलं. सासूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस पडून राहील?"

"महिनाभर जड काम नको."

"बरं. तिला मी सांगेन. घरात बोलून कळवते."

त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर पाद्रीसाहेबांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. मान राखणं म्हणजे काय ते सिस्टरकडून शिका, म्हणाले. सिस्टरला संकोच वाटला, पण बरंही वाटलं.

सासूच्या घरून काही निरोप येईना. बाई म्हणाल्या, मी जाऊन बघते. सिस्टरने पाद्रीसाहेबांना विचारलं. "दबाव नको. त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या," ते म्हणाले. बाराव्या दिवशी सर्जन गेले.

चौदाव्या दिवशी सून एकटीच आली. सासूच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या.

"मग ऑपरेशनचं काय ठरलं?" सिस्टरने विचारलं.

"कसलं ऑपरेशन?"

सिस्टरने बाईंकडे पाहिलं. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सून ऐकत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई म्हणाल्या, साधी गाठ आहे, आपोआप जिरेल. मी बाहेरच बसले होते ना. दारापासून दहा पावलांवर. एक हाक मारायला काय झालं होतं?"

बाईंनी ते शब्दाला शब्द सिस्टरला सांगितलं.

सिस्टर तडक त्यांच्या घरी गेली, बाई मागोमाग. सासू ओट्यावर धान्य निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "मला आधी का सांगितलंत? मी ठरवावं म्हणूनच ना? मी ठरवलं. ही महिनाभर खाटेवर पडली तर चार माणसांचं कोण बघणार, तुम्ही?"

"तुम्ही तिचा जीव घेताय," सिस्टर ओरडली. शेजारपाजारचे बाहेर आले.

सासूचा मुलगा गावचा पुढारी होता आणि दवाखान्याची जागा त्याच्याच शब्दावर टिकून होती. तासाभरात पाद्रीसाहेबांनी सिस्टरला बोलावलं.

"आपण आठवड्याने जाऊ. दवाखान्याला इथेच राहायचंय. माफी मागा."

"आणि ती?"

"तिच्यासाठी शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर त्या ओट्यासमोर हात जोडून उभी राहिली. ही माफी मी त्यांच्या भाषेत सांगणार नाही, असं म्हणून बाई आल्याच नव्हत्या. पाद्रीसाहेबांनीच मोडक्यातोडक्या शब्दांत माफी पोचवली. सासूने सिस्टरच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकीसारखी आहेस. चुकतं माणूस." सून दारात उभी राहून बघत होती. पाद्रीसाहेबांनी चिठ्ठी सासूच्याच हातात दिली.

चार महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. शाळेला सुट्टी लागताच त्या कुणाला न सांगता सुनेला शहरात घेऊन गेल्या होत्या. गाठ काखेत आणि यकृतात पोचली होती. "डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं," बाईंनी लिहिलं होतं. "तिने एकच विचारलं, तेव्हाच काढली असती तर? डॉक्टर तिच्याशी खोटं बोलले नाहीत. आता ती घरीच असते. भांडी, धुणं अजून तीच करते. फार दुखलं की माझ्याकडे येऊन बसते. तुमचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा ती उठून घरी गेली."