मामाने चकचकीत केलेलं पाणी

मामाला घरात सगळे पाठीमागे ‘प्रोफेसर’ म्हणायचे, आणि ते कौतुकाने मुळीच नाही. लोखंडी वस्तूंवर तांब्याचा मुलामा चढवायचा त्याचा कारखाना होता. म्हणजे एक पत्र्याची शेड आणि टनभर ऐट! धुवणाचं पाणी मागच्या हौदात जायचं. हौदात वर्षानुवर्षांचा कुजका पाला, त्यामुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तिथून ते मामीच्या माशांच्या टाकीत. मासे एकदम ठणठणीत.

आज मासे बघायला गिऱ्हाईक येणार होतं. प्रोफेसरांना अचानक त्या रंगाची लाज वाटली. त्यांनी गंज काढायच्या ॲसिडचा अख्खा कॅन हौदात रिकामा केला. तपकिरी चोथा तळाला बसला आणि पाणी काचेसारखं नितळ!

“याला म्हणतात डोकं,” मामा छाती फुगवून म्हणाला.

दहावीतल्या भाचीने कपाळाला हात लावला. “अरे मामा, तुझ्या धुवणातलं तांबं त्या कुजक्या पाल्यानेच धरून ठेवलं होतं! ॲसिडने त्याची पकड सुटली. आता ते सगळं पाण्यात मोकळं फिरतंय. हे टाकीत सोडलंस तर मासे मरतील.”

“अहो, ती काय म्हणतेय?” मामीच्या हातातली जाळी थांबली. तिच्यासाठी ते मासे म्हणजे जीव की प्राण.

“काही नाही. जन्म गेला माझा तांब्यात! ही शेंबडी मला शिकवणार?”

“हात गेला रे मामा, तांब्यात. डोकं बाहेरच राहिलं.”

मामा फणकारला आणि टाकीकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडायला पाना घेऊन वाकला. भाचीने पाना हिसकावला आणि सरळ हौदात फेकला.

“कार्टे!” मामा किंचाळला. ॲसिडमध्ये हात घालायची हिंमत नव्हती, म्हणून लांब दांड्याचा आकडा शोधत त्याने अख्खी शेड पालथी घातली. मग कुरकुरत, शिव्या देत पाना वर ओढला.

काळा लोखंडी पाना लालसर झाला होता.

मामाने तो फडक्याने पुसला, अंगठ्याने घासला. लाली गेली नाही. तांबं ओळखायला त्याला कोणाची शिकवणी लागणार नव्हती. हा क्षण भाचीने लाडवासारखा चघळला.

मामीने पाना नवऱ्याच्या हातातून घेऊन व्हॉल्व्ह आणखी घट्ट बंद केला. मग पाना उजेडात फिरवून पाहिला.

“छान चढलाय हो मुलामा,” ती म्हणाली. “तुमच्या शेडमधून इतका चांगला कधी निघाला नव्हता.”