आरशासारखी मान

नेदानं पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, एक पाय भिंतीला टेकवला आणि सगळा भार टाकून ओढलं. खट्‌कन आवाज झाला. बोल्ट सुटला नव्हता, तुटला होता. ती मागच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळली आणि आतल्या सातही कोंबड्यांनी एकदम गिल्ला केला.

कुंपणापलीकडे वुकोये काका कॉफीचा कप हातात धरून उभे होते. ते बराच वेळ उभे असावेत.

"तीस वर्षं तो बोल्ट तिथं सुखानं नांदत होता," ते म्हणाले. "तुझ्या हातात आला आणि त्यानं जीव दिला."

"काका, मदतीला बोलावलं होतं. हसायला नाही."

"फुकटात काम करून घ्यायचं आणि हसूही द्यायचं नाही? सरक. ड्रिल आण."

वुकोये काकांनी उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवला होता. बायको गेल्यापासून त्यांना बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ते शेजारच्या या पोरीला टोमणे मारायचे आणि टोमण्यांच्या मधेमधे यंत्र शिकवायचे. गाडी म्हणजे जुनी जावा मोटारसायकल होती. मोरावा नदीकाठच्या एका गावात, मक्याच्या कणसांखाली झाकलेली, नेदाला ती मिळाली होती. टाकीला पोचे, सीटमध्ये उंदरांचं घर, वायरी वाळलेल्या वेलींसारख्या. विकणाऱ्यानं पैसे घेतले, कागद दिले आणि वर बरणीभर आयवार, भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, दिली. त्याला बहुधा अपराधी वाटलं असावं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. नेदाची आई, बोसिलका, पिठाचे हात बाहेर काढून झटकत होती.

"मोडलं का काही?"

"बोल्ट, आई."

"एकच?" बोसिलका म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

या गाडीवर नेदाचं काय अडून होतं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या शहरात पायात व्यंग असलेल्यांसाठी बूट बनवणारा एक कारागीर होता. त्यानं नेदाचे हात पाहिले, तिनं शिवलेला बुटाचा एक तळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, एक मेपासून ये, शिकवतो, पगारही देतो. पण सकाळी सहाला मला तू बाकावर बसलेली हवीस. पहिली बस आठला होती. शहरात खोली घेण्याइतका पगार पहिली दोन वर्षं तरी नव्हता. म्हणजे गाडी झाली तर बूट, नाही तर आयुष्यभर आईबरोबर बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून चीज भरलेले बुरेक कापायचे.

चोवीस वर्षांची मुलगी गाडीसाठी काय काय करते! मागचा मडगार्ड अर्धा कापला. हॅन्डल खाली आणलं. बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेतली चटई कापून सीटचा फोम केला आणि आजीच्या जुन्या सोफ्याचं तपकिरी कातडं त्यावर असं शिवलं, की वुकोये काका टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले आणि टोमणा मारायचं विसरले. मागचे दिवे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे. आरसा एकच, कारण दोन महाग पडत होते. रंग मात्र तिनं पोटाला चिमटा घेऊन चांगला आणला होता, पिकलेल्या चेरीचा.

बोसिलका या सगळ्याकडे नाक मुरडून बघायची. जेवताना सुरू व्हायची.

"तुझा भाऊ व्हिएन्नाला गेला तेव्हा तोही म्हणाला, दर महिन्याला येईन. आता ईस्टरला फोन करतो. तोही बायको आठवण करून देते तेव्हा."

"मी रोज संध्याकाळी घरी येणार आहे, आई. चाळीस किलोमीटर आहे."

"चाळीसनंच सुरुवात होते."

नेदा मान खाली घालून जेवायची. तिला आईचा राग यायचा आणि रागापेक्षा जास्त कीव यायची, आणि हीच तिची चूक होती.

एप्रिलच्या मध्यात वुकोये काका गुडघ्यांसाठी दोन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले. इंजिन तोवर चालू झालं होतं. पहिल्या धुरानं अख्खी गल्ली खोकली होती. आता सांगाडा सुटा करून घासायचा आणि रंगवायचा एवढंच उरलं होतं. जुन्या रंगाचे पाच थर होते, एकाखाली एक. शनिवारी सकाळी नेदा अंगणात सांगाड्यापुढे पॉलिश पेपर घेऊन बसली आणि तासाभरात तिची बोटं सोलवटली.

बोसिलका पायऱ्या उतरून आली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते उलगडलं. आत पॉलिश करायचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं चाक होतं, मेणाची वडी होती आणि डोळ्यांवर लावायचा जुना चष्मा.

"ऊठ," ती म्हणाली. "असं घासत बसलीस तर म्हातारी होशील."

नेदा बघतच राहिली. गावातला काट्याचमच्यांचा कारखाना बंद पडून चौदा वर्षं झाली होती. त्याआधी बावीस वर्षं बोसिलका तिथं पॉलिशच्या खात्यात होती. हे चाक घरात आहे हेही नेदाला माहीत नव्हतं.

"तू करणार?"

"मग काय शेजारीण करणार? ड्रिलला लाव ते."

बोसिलकानं चष्मा चढवला, बाह्या दुमडल्या आणि ती कामाला बसली. कोणतंही काम मुरलेल्या माणसाला करताना बघणं मोठं सुखाचं असतं. आधी जाड पेपर, मग मध्यम, मग बारीक, शेवटी चाक. लोखंड आधी करडं झालं, मग पांढरं, मग त्यात आकाश दिसायला लागलं. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून ती बोलतही होती. किती दिवसांनी ती अशी बोलत होती.

"चमच्याच्या मागं कारखान्याचा ठसा असायचा. सगळा चमचा आरसा करायचा आणि ठशाला धक्का लावायचा नाही. नवीन पोरी ठसाच पुसून टाकायच्या. मग रडायच्या."

"आणि तू?"

"बावीस वर्षांत एकही नाही," बोसिलका म्हणाली आणि सांगाडा फिरवून हॅन्डलखालची मान आपल्याकडे घेतली. "हे मी करते. इथं वळण अवघड आहे. तू जा, कॉफी ठेव."

नेदानं कॉफी ठेवली. खिडकीतून तिला आईची वाकलेली पाठ दिसत होती. आई मानली, असं तिला वाटलं. तोंडानं कधी म्हणणार नाही, पण हातांनी म्हणतेय. कॉफी घेऊन ती बाहेर आली तेव्हा मान इतकी गुळगुळीत झाली होती की तीत तिला स्वतःचं नाक लांबट दिसलं आणि दोघी हसल्या. दुपारी दोघींनी मिळून रंगाआधीचं अस्तर लावलं. चेरीचा रंग नेदानं तीन दिवसांत तीन हात दिला आणि गाडी पुन्हा जोडली.

तपासणी शुक्रवारी होती. त्यात पास होऊन नंबरची पाटी मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर चालवता येत नव्हती, म्हणून नेदानं ती तीन किलोमीटर ढकलत नेली. बेकरीसमोर लोक थांबले. कोणीतरी विचारलं, गाडी तुला नेणार की तू गाडीला? तिनं हसून हात केला. तिला त्या दिवशी कोणाचाही राग येत नव्हता.

तपासनीस जाडजूड होता आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. त्यानं दिवे पाहिले, ट्रॉलीचे दिवे ओळखून मिश्कीलपणे भुवई उडवली. ब्रेक पाहिले. ब्रेक उत्तम, म्हणाला. मग कागद हातात घेऊन हॅन्डलखाली वाकला आणि टॉर्च लावला.

"नंबर कुठाय?"

"कागदावर आहे ना."

"सांगाड्यावरचा. मानेवर ठोकलेला असतो." त्यानं बोटानं चाचपलं. "नंबरची पत्र्याची पट्टीही नाही. पट्टी कुठाय?"

"मी घेतली तेव्हाच नव्हती."

"मग रंगाखाली असेल," असं म्हणून त्यानं खिशातून पातं काढलं.

मागं रांगेत पाच-सहा गाड्या होत्या. लोक उतरून बघायला आले. चेरीचे पापुद्रे सिमेंटवर पडत होते. नेदानं एकदा हात पुढं केला आणि मागं घेतला. तपासनीसानं एक बाजू सोलली, दुसरी सोलली, मग फडक्यावर थिनर घेऊन अख्खी मान पुसली. खाली लख्ख लोखंड होतं.

"चोरसुद्धा इतकं सफाईदार घासत नाहीत," तो म्हणाला. रांगेतलं कोणीतरी हसलं.

"चोरीची नाही. करार आहे माझ्याकडे. विकणाऱ्याला फोन लावते."

"लाव की. तो काय फोनवरून नंबर ठोकणार आहे?" त्यानं बियांची फोलपटं थुंकली. "अर्ज कर. पोलिसांची चौकशी, तज्ज्ञाचा दाखला. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. या गाडीच्या तिप्पट खर्च होईल आणि शेवटी नाही म्हणतील. खरं तर मी आत्ता पोलिसांना बोलवायला हवं. तुझं तोंड बघून सोडतोय. बाजूला घे, लोक खोळंबलेत."

नेदानं गाडी कुंपणाच्या कडेला नेली. तिथून तिनं वुकोये काकांना फोन केला. पलीकडे पाण्याचे आवाज येत होते. तिनं सांगितलं.

"मान घासली?" काका ओरडले. "कोणत्या गाढवानं घासली?"

चमचे घासणाऱ्या बाईला गाडीच्या नंबरचं काय कळणार, असं तिच्या मनात आलं. काका हे आयुष्यभर आईला ऐकवत राहतील, असंही आलं.

"मीच घासली, काका."

"मग गाढव तूच. इंजिन विक. बाकी भंगार आहे," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "सांगून गेलो असतो तर बरं झालं असतं, पोरी. मला वाटलं, एवढं माहीत असेल."

बूट बनवणाऱ्यालाही तिनं तिथूनच फोन केला. तो वाईट वाटून घेणारा माणूस नव्हता. म्हणाला, ठीक आहे, आणखी एक मुलगा विचारत होता, त्याला बोलावतो.

परतताना चढ होता. तीन किलोमीटर ती एकच गोष्ट घोकत राहिली: आईला कळता कामा नये. इतक्या वर्षांनी तिनं ते चाक बाहेर काढलं होतं. आपल्या हातानं लेकीचं वाटोळं झालं हे कळलं तर ती हाय खाईल. घराजवळच्या वळणावर तिनं रंगाला ओरखडे नकोत म्हणून टाकीवर घातलेली आईची जुनी ओढणी काढली आणि सोललेल्या मानेभोवती गुंडाळली.

बोसिलका घेवड्याचं सूप ढवळत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"झालं का?"

"नाही. नापास केली." नेदानं हात धुतले, बराच वेळ धुतले. "ब्रेक, आई. मागचे ब्रेक धरत नाहीत म्हणाले. तसले आता मिळतही नाहीत. संपलं ते."

पळी थांबली.

"ब्रेक?" बोसिलका म्हणाली. ती आता वळली होती, आणि तिच्या कपाळावर खरोखरच आठी होती. "आणि नंबर? नंबर नाही पाहिला त्यांनी?"

नंबराचं नाव नेदानं काढलंच नव्हतं. नळ थेंब थेंब गळत होता. नेदानं तो घट्ट केला. मग टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं आणि टॉवेल खिळ्याला अडकवला.

"पाहिला," ती म्हणाली.

"मग ब्रेकचं खोटं कशाला सांगतेस मला?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

बोसिलकानं थाळी काठोकाठ भरली आणि टेबलावर ठेवली. पाव घेतला, छातीशी धरून त्याची कडेची कुरकुरीत फोड कापली, नेदाला आवडायची ती, आणि थाळीच्या कडेला ठेवली.

"बस," ती म्हणाली. "गार होतंय."