खोडलेल्या चार ओळी

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमच्यापैकी माझे मित्र किती, ते मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही मला टिचक्या मारता, माझ्या तोंडावर फुंकता, 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' म्हणून माझी परीक्षा घेता आणि काम झालं की पाठ फिरवून चालू लागता. मलाही तुमचं फारसं कौतुक नाही. एका शाळेच्या हॉलमध्ये मी एकतीस वर्षं उभा होतो. तेवढ्या काळात जे ऐकलं, त्यानंतर माणसांविषयी गोड बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईंनी केसाहून बारीक तार माझ्या पोटात गुंडाळली. वेढा चुकला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. शेवटी त्यांनी मला तोंडाजवळ धरलं आणि विचारलं, "येतोय का आवाज?" आवाज आला. मग त्यांनी मला खोक्यात घातलं आणि पुढचा माइक हातात घेतला. माझ्यातून नंतर लाखो शब्द गेले, पण त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही.

शाळेत आलो तेव्हा माझा काय थाट होता! लोखंडी बुडाचा स्टँड, चकचकीत जाळी आणि मंचाच्या कडेला, खाली टेबलावर ठेवलेला अँप्लिफायर. पाहुणे म्हणायचे, "वा, आवाज काय स्वच्छ येतो!" मी फुगून जायचो. पण थोड्याच वर्षांत मला एका गोष्टीचा उबग आला, आणि ती म्हणजे आभार.

तुम्हाला वाटेल, आभारांसारख्या चांगल्या गोष्टीचा कसला उबग? मित्रांनो, तुम्ही ते खुर्चीत बसून ऐकता. खरं तर ऐकतही नाही, आभार सुरू झाले की चपला शोधता. मला मात्र ते जागेवरून हलता न येता ऐकावे लागत. आधी अध्यक्ष, मग पाहुणे, मग ज्यांनी पंखे दिले ते, मग ज्यांचे पंखे द्यायचे राहिलेत ते. सगळ्यात शेवटी एका दमात, 'आणि ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी सहकार्य केलं त्या सर्वांचे.' हे अज्ञात कोण? तर माझ्यापासून दहा पावलांवर अँप्लिफायरपाशी उभ्या असलेल्या मावशी. हॉल झाडणं, खुर्च्या लावणं, पडदा ओढणं आणि माझी देखभाल ही सगळी त्यांची कामं. माझ्या तुटक्या वायरला चिकटपट्टी लावायच्या त्या, माझी जाळी ओल्या फडक्यानं पुसायच्या त्या, आणि तरी अज्ञात!

मावशी काही गोड बाई नव्हत्या. त्यांच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. ओल्या फरशीवर पाय ठेवला म्हणून त्यांनी एकदा एका अधिकाऱ्याला दारातून परत पाठवला होता. मला त्या आवडायच्या ते त्याचमुळे. आम्हा दोघांनाही लोक सहन होत नसत.

एके वर्षी मधल्या सुट्टीत त्यांना पडद्यामागे एक मुलगी सापडली. दहा-अकरा वर्षांची असेल. रडून रडून नाक लाल झालं होतं. ती बोलताना अडखळायची, आणि तिचं सगळ्यात मोठं दुखणं होतं 'म'. आता बघा, 'मी' म्हणायचं तर म, 'माझं नाव' म्हणायचं तर म, 'मला येत नाही' म्हणायचं तरी म. पोरीनं बोलायचं तरी कसं? भाषेचे सर तिला वर्गात मुद्दाम उभं करत आणि ती अडली की म्हणत, "अरे, गाडी ढकला रे कुणीतरी!" वर्ग खो खो हसे. तिचं नाव पडलं ढकलगाडी. तेव्हापासून ती सुट्टीत पडद्यामागे लपायला लागली होती.

मावशींनी तिला जवळबिवळ घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "लपायचं तर लप, पण फुकट नाही. मला झाडताना एकटीला कंटाळा येतो. इथं उभी राहा आणि ती पाटी वाच."

त्यांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. अँप्लिफायर बंदच होता. समोरच्या भिंतीवर पाटी होती, 'आग लागल्यास काय करावे'. एकूण आठ सूचना. पहिल्या दोन कशाबशा झाल्या. तिसरी सूचना होती, 'मुख्य दरवाजाकडे रांगेने जावे.' तिथं पोरगी जी अडली ती अडलीच. "म... म..." तिचा श्वास माझ्या जाळीवर आपटत होता, पुढे काही येत नव्हतं. तिनं मावशींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मावशी झाडता झाडता म्हणाल्या. "घे हवा तेवढा वेळ. आग लागलेली नाही अजून, आणि माझा अर्धा हॉल बाकी आहे."

मित्रांनो, त्या मुलीला तोवर सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं. आईनं औषध दिलं, शेजारणींनी सल्ले दिले, सरांनी टोपणनाव दिलं. वेळ मात्र कोणी दिला नव्हता. ती त्या मुख्य दरवाजात नऊ दिवस उभी होती. मावशींनी एकदाही शब्द पुरा करून दिला नाही, की 'शाबास' म्हटलं नाही. दहाव्या दिवशी दरवाजा उघडला. मावशी म्हणाल्या, "पाय उचल, खालचं झाडायचंय."

मग हळूहळू मावशींनी अँप्लिफायर सुरू केला, आधी अगदी बारीक, मग थोडा मोठा. तीन वर्षांत ती मुलगी हातात कागद दिला की घडाघडा वाचू लागली. स्वतःच्या मनातलं बोलायला गेली की मात्र तो 'म' पुन्हा आडवा यायचा. तेवढं एक राहूनच गेलं आणि ती शाळा सोडून गेली.

पुढे ती बातम्या सांगायला लागली. रोज संध्याकाळी तिचा आवाज घराघरांत जाऊ लागला. मला हे मावशींमुळे कळलं. माझी जाळी पुसताना त्या फडक्याशी बोलल्यासारखं पुटपुटायच्या, "काल पाऊण तास बोलली. एकदा अडली नाही." एवढंच. मुलीचं पत्र कधी आलं नाही, आणि ती स्वतःही कधी आली नाही. अठरा वर्षं गेली.

आणि मग ती प्रमुख पाहुणी म्हणून येणार असं ठरलं. भाषेचे सर तोवर मुख्याध्यापक झाले होते. योगायोग असा, की त्याच दिवशी मावशी निवृत्त होणार होत्या. त्यांचा काही समारंभ नव्हता, संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या आणि घरी जायचं. मावशी त्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसल्या. आणि आयुष्यात केली नव्हती अशी एक चूक त्यांनी केली. दारावरच्या काकांना त्या म्हणाल्या, "बघा आज. ती माझं नाव घेईल."

"बघू, ओळख तरी देते का," काका म्हणाले.

कार्यक्रमाआधी मंचावर ती माझ्या शेजारीच उभी होती. हातात भाषणाचा कागद. मुख्याध्यापकांनी तो मागून घेतला आणि लाल पेन काढलं. "या चार ओळी नकोत," ते म्हणाले. "वेळ कमी आहे. शिपाई-सेवकांचे आभार शेवटी एकत्र मानतोच आपण. आणि इथं, शिक्षकांविषयी काहीच कसं नाही? दोन शब्द घालतो." आणि घातले, स्वतःच्या हातानं, स्वतःविषयी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. लाखो लोक जिला ऐकतात ती बाई त्या लाल पेनासमोर पुन्हा दहा वर्षांची झाली. तिनं मान हलवली आणि कागद परत घेतला.

भाषण सुरेख झालं. कुठं ठेच नाही, अडणं नाही. मावशी अँप्लिफायरपाशी ताठ उभ्या होत्या. ओळीमागून ओळ गेली, त्यांचं नाव आलं नाही. मग तिनं वाचलं, "बोलण्याचा आत्मविश्वास ज्यांनी दिला, त्या आपल्या सरांचे आभार..."

मी कचकचून शिट्टी मारली. अशी कर्कश, की पुढच्या रांगेनं कान झाकले. जाणकार सांगतील की स्पीकर जवळ आला की माइक शिट्टी मारतोच. त्यांना खुशाल सांगू द्या.

पण मित्रांनो, रागात माणसाचं डोकं चालत नाही, तसं माझंही चाललं नाही. मुख्याध्यापक ताडकन उठले आणि मंचावरून ओरडले, "मावशी! एवढंही जमत नाही? आज शेवटच्या दिवशी तरी नीट काम करा!" सगळा हॉल हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मावशींनी बटण फिरवून आवाज थोडा कमी केला. एकतीस वर्षांत त्यांना भर सभेत असं कोणी बोललं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं.

"असो! आता आभारप्रदर्शन," मुख्याध्यापकांनी जाहीर केलं. लगेच खुर्च्या सरकू लागल्या.

ती मात्र माझ्यासमोरून हलली नाही. तिनं कागदाची घडी केली आणि मुठीत धरली. मग तोंड उघडलं.

"म..."

पुढे काही नाही. "म... म..." उठणारे लोक थबकले. कोणीतरी मागे फिसकन हसलं. रोज ऐकलेला तो आवाज असा तुटताना ऐकून लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. तो शब्द तिला सोडून देता आला असता. 'त्यांनी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिला तोच शब्द हवा होता.

मुख्याध्यापक दात आवळून खाली वाकले, "मावशी, बंद करा तो माइक. तमाशा होतोय."

मावशींचा हात बटणावरच होता. त्या बटणावरचा हात काढून त्यांनी कमरेवर ठेवला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही बंद होणार. तिचं बोलून व्हायचंय."

उठलेले लोक परत खाली बसले. आणि किती वेळानं कोण जाणे, शब्द सुटला.

"मावशींनी. मावशींनी म... मला बोलायला शिकवलं. सरांनी नाही. सर हसायचे. खोडलेल्या चार ओळी म... मावशींच्या होत्या, आणि त्या म... मी खोडू दिल्या."

टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. मुख्याध्यापक भिंतीवरची पाटी वाचत बसले. लोक माना खाली घालून बाहेर पडले. मावशी मंचावर आल्या आणि तिच्याकडे न बघता माझी वायर गुंडाळायला लागल्या.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "एक चिठ्ठी नाही. हात मोडले होते का?"

"भीती वाटायची."

"कशाची?"

"तुमच्यासमोर अडखळले असते. तुम्हाला वाटलं असतं, सगळं फुकट गेलं."

मावशींनी वायर खाली टाकली. "अगं बये, तुझं अडखळणं पुसायला बसले होते का मी? मी फरशी पुसत होते!" एवढं म्हणून त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि इस्त्रीच्या साडीच्या पदरात तोंड घालून रडल्या. मुलगी शेजारी बसली. त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मी सांगणार नाही. मी सुरू नव्हतो, आणि ते तुमच्यासाठी नव्हतंही.

मावशी किल्ल्या देऊन घरी गेल्या. माझ्या जागी बिनवायरचा माइक आला, कानामागून आला आणि तिखट झाला. मी आता फुटक्या खुर्च्यांबरोबर कपाटात पडून आहे. जाळीला गंज चढलाय. मला बाहेर काढा, पुसा, असं म्हणायचा मला हक्क आहे, कारण आत्मवृत्तात शेवटी तसंच म्हणतात. पण माझं मागणं वेगळं आहे.

तुमच्यातही कोणीतरी असेल, ज्याला वेळ मिळाला म्हणून तो उभा राहू शकला. तो वेळ देणाऱ्याचे आभार सभेत मानू म्हणून थांबू नका. सभेत लाल पेनं फार असतात. आणि छान बोलता येईपर्यंतही थांबू नका. अडखळा, घाम येऊ द्या, शब्द विसरा, पण जा. माइकनं हे सांगणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणं आहे, तरी सांगतो, त्या कामाला माइक लागत नाही.

आणि कोणाकडे जाणार आहात ते मला सांगत बसू नका. मी पुष्कळ ऐकलंय. त्यांना सांगा.